धुडकू नानांचं बेट

शिंदखेड्यात ढग फिरकला नाही तरी धुडकू नाना खुशीत असत. रेडिओवरच्या हवामानात लक्षद्वीपचं नाव आलं की ओट्यावरून सांगत, "आपलाकडे पाणी पडनं."

आपल्याकडे म्हणजे तिथल्या एका बेटावर. नानांनी समुद्र पाहिला नव्हता. पण १९९०च्या सुमारास सुरतेकडचा एक एजंट दर गुरुवारी नकाशे घेऊन येऊ लागला. नारळाची बाग, पुढे हॉटेलं, दहा वर्षांत दसपट भाव. बदल्यात नानांनी विहिरीजवळचं शेत लिहून द्यायचं. नाना त्याला उलटसुलट विचारत. बेटावर रानडुकरं येतात का? बैल होडीत चढतील का? पठ्ठ्या कशालाच नाही म्हणत नसे.

मी गावात फसवणुकीविरुद्ध पत्रकं काढून वाटत असे. माझं डोकं तापलं. धुळ्याच्या कचेरीत दोन दिवस बसून मी खात्री करून आलो, त्या बेटांवर बाहेरच्याला जमीन घेताच येत नाही. लगेच पत्रक छापलं, 'बेटांच्या नावाने लूट', आणि बाजारात वाटलं. येत्या गुरुवारी सह्या होणार, असं एजंट सांगून गेला होता. मी धावत नानांकडे गेलो.

"नाना, सही केली तर शेत गेलं."

नानांनी पत्रक शेवटपर्यंत वाचलं. "बाजारमा वाटी दिधं?"

"सगळीकडे. आता तो इथं तोंड दाखवणार नाही."

नाना उठले. मग आतून एक पुडी आणून माझ्यापुढे आपटली. बेटाची म्हणून एजंटने दिलेली माती. आमच्याकडे जमीन घ्यायच्या आधी माती जिभेवर ठेवून पाहतात.

"चाख."

मी चाखली. मला काही कळलं नाही.

"आपली नदीनी शे. पहिलाच दिन समजनं माले."

"मग सही?"

"सही कोन करी राहिंथा? दोन वरीस त्याले तारखा देस मी."

"अहो, मग चोराला घरात बसवायचं कशाला?"

नानांचा आवाज चढला. "तो दोन तास बठस. चहा पेस. मी इचारं तेनं उत्तर देस. तू येस, कागद देस, चालना जास."

गुरुवारी एजंट आला नाही. संध्याकाळी मी रिकाम्या हाताने गेलो. नाना ओट्यावर एकटेच होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुनाकडे काही प्लॉट शे का इकाले?"

पत्रकांत मी आजवर एक शब्द खोटा लिहिला नव्हता.

"आहे," मी म्हणालो आणि बसलो.