कोरडा डोंगा

आपल्या डोंग्याला पाणी लागू न देणारा माणूस पाहिलाय का कधी? मी रोज पाहतो. वासुदेवभाऊ माझे शेजारी. आर्वीकडचं आमचं गाव. घरामागे नदी, नदीपलीकडे भाऊंचं शेत, आणि नदी ओलांडायची लाकडी होडी, म्हणजे डोंगा, अंगणात, दोन ओंडक्यांवर! दोन वर्षं झाली, हा गृहस्थ सायकल दामटत लांबच्या पुलावरून शेतात जातो. विचारलं की एकच उत्तर: "तुले नाई समजत." खरंच नाही समजत बुवा.

आभाळ भरून आलं की भाऊ छत्री घेऊन धावतात, ती डोंग्याच्या टोकावर धरतात आणि स्वतः चिंब होतात. त्या टोकावर कायमचं एक पोतं बांधलेलं. ते काऊन, हेही मला समजत नव्हतं.

मग डोंग्याला कीड लागली. पाठोपाठ माझ्या नव्या सागवानी चौकटीलाही! मी वाळवीचं औषध घेऊन धावलो, तर भाऊ हसले.

"वाळवी माती आणते बावा. हे लाकडाचं पीठ पाहय. भुंगा होय हा."

छिद्र झाडायचं, खाली काळं फडकं अंथरायचं. सकाळी त्यावर ताजं पीठ दिसलं, की अळी आत जिवंत. भाऊंनी माझ्या चौकटीच्या एकेका छिद्रात इंजेक्शनच्या सुईने रॉकेल सोडलं, वरून मेण भरलं. पंधरा दिवसांत फडकं कोरं झालं.

त्यांच्या डोंग्याखाली मात्र रोज पिठाची रांगोळी. एवढी छिद्रं सुईला थोडीच आवरतात?

"भाऊ, महिनाभर पाण्यात बुडवलं की अळी गुदमरते, हे तुम्हीच सांगता ना? मग बुडवा! नाहीतर पोळ्यापर्यंत याचं सरपण होते."

"नाई."

"काऊन पण?"

"पाण्यात नाई म्हंजे नाई."

डोकंच फिरलं माझं. मी तावातावाने टोकावरचं पोतं ओढलं. "अबे, हात नको लावू!" भाऊ ओरडले.

पोत्याखाली हळदीचा पंजा होता. पाच फिकट बोटं. शेवटच्या दसऱ्याला डोंगा पुजताना भाऊंच्या बायकोने, कमलवहिनींनी, उमटवलेला. त्यानंतरची दिवाळी काही त्यांनी पाहिली नाही. आणि तळहाताच्या मधोमध एक ताजं छिद्र.

"रॉकेल सोडलं तं डाग पसरते," भाऊ हळू आवाजात म्हणाले. "पाण्यात टाकलं तं धुऊन जाते. नाई टाकलं तं भुंगा खाते. आता सांग शहाण्या, काय करू?"

मी पोतं पुन्हा टोकावर बांधलं. मला रडू आलं, तेवढं खरं.

दोन दिवसांनी अर्धं गाव नदीवर हसायला जमलं. दगड भरून डोंगा डोहात बुडवलेला, फक्त टोक वर, काठच्या बाभळीला दोराने बांधलेलं. कमरेइतक्या पाण्यात भाऊ, टोकावर छत्री धरून. पोतं घातलं तर ते पाणी पिऊन हळद पुसेल, आणि उघडं ठेवलं तर उन्हाने उडेल, असं त्यांचं म्हणणं. टोकातली कीड ते सुईने कोरून काढणार होते, एकेक करून.

"भैताड झाला हा," कोणीतरी म्हणालं.

"भाऊ, महिनाभर असेच उभे राहणार?" मी विचारलं.

"मंग?"

मी चपला काढल्या आणि पाण्यात उतरलो. "द्या इकडे. तुम्ही जेवून या."

भाऊंनी नाइलाजाने छत्री दिली. काठावर चढले, चार पावलं गेले आणि वळले.

"खाली धरजो गजू, उंच नको. तिले ऊन सोसत नाई."