बर्गरचा निःपक्षपाती निकाल

सरांनी स्वयंपाकघरातला वजनकाटा टेबलाच्या मधोमध ठेवला, शेजारी फूटपट्टी आणि कात्री मांडली आणि जाहीर केलं, "वादावादी बंद. आता प्रयोग."

सर म्हणजे उभा जन्म शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. शाळा सुटली, पण शिकवणं सुटलं नव्हतं. घरात आता विद्यार्थी तीन: मुलगा, सून आणि नात. नातीला सगळे भिंगरी म्हणत. तिघांत लक्ष देऊन ऐकणारी तेवढी तीच.

उद्या भिंगरीचा वाढदिवस होता. मैत्रिणींना बर्गर खायला न्यायचं, इथपर्यंत एकमत होतं. कुठे, यावरून सकाळपासून घर पेटलं होतं. चौकात समोरासमोर बर्गरची दोन दुकानं होती, एक लाल पाटीचं, दुसरं हिरव्या पाटीचं. दोघांनीही बजावलं होतं, की संध्याकाळपर्यंत नक्की कळवा, नाहीतर टेबलं दुसऱ्याला जातील.

"लालवाल्याचा बर्गर दोन्ही हातांत मावत नाही," मुलगा म्हणत होता. "पैसा वसूल!"

"मावत नाही म्हणूनच निम्मा शर्टावर सांडता," सून म्हणाली. "आणि त्याच्या फ्राइज? बुटाच्या भिजलेल्या नाड्या नुसत्या! हिरव्याकडची फ्राय मोडली ना, तर शेजारच्या टेबलावर ऐकू जाते."

"तुला लालमधलं काही आवडतच नाही!"

"डोळे बांधून खायला घाला. एका घासात सांगते, कुठला कुठला ते!"

सरांना एवढंच हवं होतं. त्यांनी मुलाला दोन्ही दुकानांतून एकेक बर्गर आणि एकेक फ्राइज आणायला पिटाळलं. मुलगा गेला तसा आलाही. एका हातात लाल पिशवी, दुसऱ्या हातात हिरवी.

"इतक्यात?" सून म्हणाली.

"गर्दीच नव्हती," असं म्हणून मुलगा घाईघाईनं हात धुवायला गेला.

सर आणि भिंगरी स्वयंपाकघरात शिरले. दार लोटून घेतलं. दोन ताटल्यांच्या बुडाला सरांनी खडूनं खुणा केल्या: 'क' म्हणजे हिरवं, 'ख' म्हणजे लाल. भिंगरीनं पिशव्या रिकाम्या केल्या. हिरव्या पिशवीचं बूड बघून ती थबकली.

"आजोबा, ही पिशवी ना..."

"भिंगरे, प्रयोग चालू असताना मदतनिसानं काय करायचं?"

"बघायचं. मध्ये बोलायचं नाही."

"शाब्बास."

भिंगरीनं तोंडावर बोट ठेवलं.

सरांनी बर्गर काट्यावर चढवले. वजनं जवळपास सारखीच! "बघितलंस? याला म्हणतात स्पर्धा. दोघं एकमेकांवर डोळा ठेवून असतात," सर म्हणाले. पण जवळपास म्हणजे सारखं नव्हे, आणि बाकी सगळं समान असल्याशिवाय तुलना खरी ठरत नाही. म्हणून जड बर्गरचा पाव त्यांनी कडेनं कातरला. एकात सॉस जास्त होता, तो चमच्यानं निपटून काढला. दुसऱ्यात कांद्याची एक चकती जास्त निघाली, ती स्वतः खाल्ली. मग फूटपट्टी लावून लांब फ्राइज आखूड केल्या. एवढं होईपर्यंत सगळं थंडगार पडलं, तेव्हा दोन्ही बर्गर आणि दोन्ही फ्राइज एकाच तव्यावर, एकाच आचेवर गरम केल्या. शेवटी ताटल्यांत जे उरलं ते जुळ्या भावांनाही लाजवील असं होतं.

"आजोबा, आता यांच्यात फरक कुठे उरला?" भिंगरीनं विचारलं.

"उरला तो चवीत! तोच तर शोधायचाय."

सुनेचे डोळे टॉवेलनं बांधले. तिनं 'ख'मधला घास घेतला आणि नाक मुरडलं. मग 'क'मधला घेतला. फ्राय कुरकुरली, तशी तिनं टेबलावर थाप मारली. "हेच! हिरवं! बाबा, लिहून घ्या. ही चव मी झोपेतसुद्धा ओळखीन."

मग मुलाची पाळी. त्यानंही दोन्ही ताटल्या चाखल्या आणि 'क'ची ताटली पुढे ओढून छाती फुगवून सांगितलं, "हीच बेस्ट. आणि ही म्हणजे लाल. डोळे मिटून सांगतो."

"बांधलेत म्हणून मिटलेत," सून म्हणाली.

सर खूश झाले. दोघांना एकच ताटली आवडली होती! त्यांनी 'क'ची ताटली सगळ्यांसमोर अलगद उचलून बूड वाचलं. "'क' म्हणजे... हिरवं."

"बघा!" सून ओरडली.

"शक्यच नाही!" मुलगा उसळला. "आज हिरव्याच्या दुकानात मी पाऊलसुद्धा..."

आणि त्यानं जीभ चावली.

सरांनी चष्मा काढला. वर्गात चष्मा काढला की मागच्या बाकावरचीसुद्धा ताठ बसत.

"प्रयोग संपला का, आजोबा?" भिंगरीनं विचारलं.

"संपला म्हणायचा."

भिंगरीनं हिरवी पिशवी आणून उलटी धरली. बुडावर खडूच्या रंगांनी काढलेलं एक जाडजूड मांजर होतं. "ही हिरव्याकडची जुनी, माझ्या रंगांची पिशवी. कपाटात होती. बाबांनी रंग काढून नुसती पिशवी नेली."

"अगं, खिडकीतूनच दिसलं, हिरव्यासमोर रांग पार रस्त्यावर आली होती," मुलगा बायकोकडे बघत पुटपुटला. "म्हटलं, लालचेच दोन घ्यावेत. तुला कुठे कळणार होतं?"

"म्हणजे मी लालच्या बर्गरला..." सुनेनं 'क'मधली फ्राय उचलून निरखली.

"झोपेत ओळखलंस, आई," भिंगरी म्हणाली.

सरांना हसावं की रडावं कळेना. "अगं, तू आधीच का नाही बोललीस?"

"तुम्हीच म्हणालात, मध्ये बोलायचं नाही."

बाहेर ऊन उतरायला लागलं होतं. टेबलं जाण्याची वेळ आली होती, आणि सरांच्या ध्यानात आलं, की जिचा वाढदिवस तिला एकानंही विचारलं नव्हतं. त्यांनी विचारलं.

"हिरवं," भिंगरी फटकन म्हणाली. "मैत्रिणींच्या वाढदिवसांना मी दोन्हीकडे जेवलेय. लालचा बर्गर मोठा, पण सगळ्यांनी अर्धा टाकला. हिरव्याचा छोटा, पण ताटलीत कुणाच्याच काही उरलं नाही. शिवाय फ्राइज संपल्या की परत वाढतात. मग पैसा कुठे वसूल झाला?"

सरांनी फोन उचलला आणि हिरव्या दुकानाला नाव सांगितलं.

"भिंगरीचा वाढदिवस ना?" पलीकडून आवाज आला. "सकाळीच त्या मुलीनं फोन करून टेबलं धरायला सांगितलीत. म्हणाली, आजोबा आज प्रयोग करणारच, तो संपला की घरातलं मोठं माणूस फोन करील."