चिंचेने घासलेली महामारी

त्या वर्षांत देशाची दारं उघडली आणि परदेशी माल घरोघरी यायला लागला. कुणाकडे रंगीत टीव्ही आला, कुणाकडे कपडे धुण्याचं मशीन. हिंदी मुलखातल्या माधव नगरात जयंत दिघ्यांच्या घरी मुडदे आले.

मुडदे आणले शैलेंद्रने, म्हणजे जयंतच्या बायकोच्या, वासंतीच्या, धाकट्या भावाने. तो बर्मिंगहॅमला कंप्युटरच्या नोकरीत होता आणि (अजून लग्न न झाल्यामुळे) फावल्या वेळात एक खेळ खेळत असे. टेबलावर बोटभर उंचीचं धातूचं सैन्य मांडायचं, पट्टीने अंतर मोजून पुढे सरकवायचं, फासे टाकायचे आणि समोरच्याचं सैन्य मारायचं. शैलेंद्रचं सैन्य आधीच मेलेलं होतं. महामारीने गेलेले आणि तरीही उठून लढायला आलेले लोक! कुणाचा गाल गळालेला, कुणाच्या फासळ्या बाहेर, कुणाचं पोट भोपळ्यासारखं फुगलेलं. पण सगळे करडे, बिनरंगाचे. क्लबचा नियम असा की बिनरंगी सैन्य स्पर्धेत उतरवता येत नाही. आणि शैलेंद्रचा हात असा की शाळेत त्याने काढलेला मोर मास्तरांनी कासव समजून पास केला होता.

सुट्टीवर आलेला शैलेंद्र ही रड आईवडिलांच्या घरी पंगतीत सांगत होता. शेजारी जयंत बसला होता. त्याने गेल्या उन्हाळ्यात सासऱ्यांच्या कूलरला पंप बसवून दिला होता. तेव्हापासून पाणी वाळ्याच्या जाळीवर न पडता थेट सासऱ्यांच्या पलंगावर पडत असे.

"जावईबापू, श्रीखंड घ्या," सासरे, म्हणजे भय्यासाहेब चिटणीस म्हणाले. "कूलरचं राहू द्या. वो आपके बस का नहीं."

चिटणिसांचं घराणं जुनं, दरबारी. त्या घरात सगळ्यांना सगळं जमत असे. जयंतला लग्नापासून त्या घराकडून एकच गोष्ट हवी होती. 'जावईबापूंना जमलं' असं कुणीतरी, एकदा तरी म्हणावं. त्याने वाटी खाली ठेवली.

"दे इकडे ते मुडदे. मी रंगवतो."

(लहानपणी त्याने गणपतीचा उंदीर रंगवला होता. अनुभव म्हणाल तर एवढाच.)

दुसऱ्या दिवशी बँकेतून सुटल्यावर तो देवास गेटजवळच्या पेंटच्या दुकानात गेला.

"भैया, सड़ी हुई चमड़ी का रंग चाहिए."

"सोफे की?"

"आदमी की. और एक पीला. घाव के पस जैसा."

दुकानदाराने हातातली कचोरी खाली ठेवली. "अस्पताल उधर है, साब."

शेवटी हिरवा, पिवळा आणि तपकिरी ऑइल पेंट घेऊन जयंत घरी आला आणि कामाला लागला. चहाच्या बशांत रंग कालवले. वासंतीच्या टिकल्यांच्या डबीत टर्पेंटाइन भरलं. सडलेल्या कातडीचा नमुना हवा म्हणून एक वांगं मुद्दाम कुजवून फ्रिजमध्ये ठेवलं. ते वासंतीने फेकून दिलं, तेव्हा तो कळवळला.

"अगं, ते मॉडेल होतं!"

"अहो, शुक्रवारी माझं चैत्रगौरीचं हळदीकुंकू आहे. सगळ्या कॉलनीला बोलावलंय. कैरीच्या डाळीला टर्पेंटाइनचा वास येतोय आणि माझ्या जेवणाच्या टेबलावर महामारी पसरलीय. बायकांना सांगू काय?"

"सांग, कलाकाराशी लग्न झालंय."

"ते मला विचारून ठरवायला हवं होतं," वासंती म्हणाली आणि बशा मोजायला गेली.

पण खरं सांगायचं, तर त्याला जमत होतं. गालावर हिरवट झाक आली, जखमेच्या कडेला पिवळा थेंब बसला. बँकेत तो लोकांच्या चेहऱ्यांकडे इतका टक लावून बघायला लागला की एका खातेदाराने घाबरून रक्ततपासणी करून घेतली. गुरुवारी रात्री शेवटचा मुडदा रंगवून झाला. शैलेंद्रची गाडी शनिवारी पहाटे होती. शुक्रवारी दिवसभरात रंग वाळेल, संध्याकाळी भय्यासाहेब लेकीकडे येतील, तेव्हा सैन्य त्यांच्यापुढे मांडायचं, असा बेत करून जयंतने सगळे मुडदे गॅलरीत वर्तमानपत्रावर ठेवले आणि सकाळी शीळ घालत बँकेत गेला.

संध्याकाळी परतला तेव्हा गॅलरी रिकामी होती.

बैठकीच्या खोलीत बायकांची गर्दी होती. समोर आरास. पायऱ्यांवर पाळण्यात बसलेली गौर, कलिंगडाचं कोरलेलं कमळ, आणि खालच्या पायरीवर नंदीच्या मागे दोन रांगांत उभं त्याचं सैन्य. लख्ख. चांदीसारखं चमचमणारं. प्रत्येकाच्या कपाळाला हळदीकुंकू!

"या, जयंतराव," सासूबाई, अहल्याबाई, कौतुकाने म्हणाल्या. त्या दुपारपासून लेकीच्या मदतीला आल्या होत्या. "शंकराची वरात फार छान जमवलीत हो. भुतं, पिशाच्चं, सगळे गण आलेत. आमच्या गौरीला सासरी न्यायला नको का कुणी? फक्त फार मळले होते बिचारे. हिरवं शेवाळ चढलं होतं. वासंती डाळ वाटत होती, तेवढ्यात गौरीबरोबर चिंच लावून घासून काढले."

"घासून?"

"काथ्याने. खोबणीतलं नाही निघालं. म्हातारीचे हात आहेत, समजून घ्या."

सैन्याकडे झेपावून जयंतने रुमाल काढला. निदान कुंकू पुसावं, रात्रभर जागून पुन्हा रंगवावं...

"अहो!" वासंती ओरडली. "गौरीपुढचं कुंकू पुसताय?"

"भर सणाचं? सवाष्णींच्या देखत?" अहल्याबाईंनी कानांवर हात ठेवले. सगळ्या बायका त्याच्याकडे बघायला लागल्या. रुमाल खिशात गेला.

तेवढ्यात भय्यासाहेब आले. चष्मा वर करून त्यांनी वरात पाहिली. जयंत पुढे सरकला.

"वा! हे कुणी केलं?"

"आईने," वासंती म्हणाली.

"तरीच," भय्यासाहेब म्हणाले आणि पन्ह्याचा पेला उचलला.

पहाटे शैलेंद्र तेच सैन्य वर्तमानपत्रात गुंडाळून निघाला. निघताना त्याने जयंतच्या पाठीवर हात ठेवला. "जाने दो, जिजाजी. पुढच्या वर्षी बघू." या समजूतदारपणाने जयंतला जास्तच लागलं.

आंबे संपता संपता एका रविवारी भय्यासाहेबांकडे फोन वाजला. जयंत तेव्हा कूलरपाशी, सासऱ्यांच्या परवानगीने, नुसता उभा होता. फोनवर शैलेंद्र इतका ओरडत होता की सगळ्या खोलीला ऐकू येत होतं.

"बाबा, पहिलं बक्षीस! रंगकामाचं! परीक्षक भिंगाने बघत होते. म्हणाले, इतका जिवंत रोग आम्ही पाहिला नाही. कपाळाची हळद ओघळून अगदी पू झालाय, कुंकवाच्या जखमा झाल्यात, खोबणीत ते हिरवं!"

ते हिरवं जयंतचं होतं. त्याने घसा साफ केला. भय्यासाहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, पाहतच राहिले, आणि रिसीव्हर पुढे केला.

"जावईबापू, शैलेंद्र तुम्हाला बोलावतोय."

"हॅलो," जयंत नम्रपणे म्हणाला. (भाषण तयार होतं.)

"जिजाजी, मुडद्यांची आणखी एक पेटी पाठवतोय. आईच्या नावाने. एक काम कराल ना? प्लीज, या वेळी तुम्ही फक्त चिंच आणून द्या."