जुमानाच्या फुप्फुसांसाठी राखीव जागा

लेकराच्या फुप्फुसांपुढे आईबापाला काहीही मोठं नसतं, इंधन तर नाहीच. म्हणून कैरोतल्या त्या शाळेबाहेर शाळा सुटण्याच्या कितीतरी आधीपासून गाड्यांची रांग लागते. सगळ्यांची इंजिनं चालू, काचा बंद, एसी जोरात. पोरगं धुरातून आलं की थेट शुद्ध हवेत बसावं, एवढीच माफक इच्छा. (धूर कुठून येतो याची पालक समितीने पाहणी केली. शंभरातल्या नव्वद जणांच्या मते तो पुढच्या गाडीचा असतो. उरलेले दहा रांगेत सर्वांत पुढे होते. त्यांनी मागच्या गाडीकडे बोट दाखवलं.)

इनासची मुलगी जुमाना दम्याची. डॉक्टरांनी बजावलं होतं, "पोरीला धुरापासून लांब ठेवा." इनासने लगेच मोठी गाडी घेतली आणि फाटकाला अगदी चिकटून जागा धरली.

एकदा तिने इंजिन बंदही करून पाहिलं. पण त्या गल्लीत बंद गाडी न्यूट्रलमध्ये सोडायची आणि वाट अडली तर कुणीही ती ढकलायची, हा जुना शिरस्ता. बंद गाडी दिसताच चौघांनी तिला इनाससकट उसाच्या रसाच्या दुकानापर्यंत ढकलत नेलं.

"अहो, मी आत बसलेय!"

"बसा की मॅडम, आम्ही कुठं उतरा म्हणतोय?" गाड्या सांभाळणारा अबू शादी म्हणाला. "बंद गाडी म्हणजे सगळ्यांची गाडी."

त्या दिवशी जुमाना अख्खी रांग ओलांडून धुरातून चालत आली आणि रात्रभर खोकली. तेव्हापासून इनासने इंजिन बंद केलं नाही. आईची माया ती.

मग शाळेची धावण्याची शर्यत आली. जुमानाने महिनाभर ध्यास घेतला होता. दीड फेरीपर्यंत ती पहिली होती. पुढचं वळण कुंपणाला लागून होतं. कुंपणापलीकडे इनासची गाडी, पाठ शाळेकडे, धुराची नळी बरोबर जाळीत. (जवळून टाळ्या वाजवता याव्यात म्हणून तिने आज गाडी आणखी मागे, पार जाळीपर्यंत घेतली होती.) जुमाना तिथेच थांबली, जाळी धरून खोकत वाकली. बाकीच्या मुली पुढे निघून गेल्या.

इनास दम्याचा पंप घेऊन धावली. दोनदा ओढल्यावर पोरीला बोलता आलं.

"आई, गाडी बंद कर ना."

"अगं, बंद केली तर ढकलून नेतील. मग तुला लांब चालत यावं लागेल."

"चालेन की. पळतसुद्धा येईन."

"वेडी आहेस का? धुरातून?"

समितीची तातडीची बैठक सर्वांत मोठ्या गाडीत, इंजिन चालू ठेवून झाली. धावल्याने मुलांना खोकला येतो, हे एकमताने सिद्ध झालं. पुढच्या वर्षीपासून शर्यत बसून होईल. जुमानाचे धावायचे बूट धाकट्या मावसभावाला दिले गेले.

तुमचं हसून झालं असेल तर मागच्या गाडीचा भोंगा ऐका, तो तुमच्यासाठीच वाजतोय. शाळा सुटत आली. गाडी जरा पुढे घ्या. बंद तेवढी करू नका, जागा जाईल.