साडेनऊ नंबरची पेटी

एका जंगलात, मुलांनो, सगळ्या प्राण्यांकडे मोबाइल होते. हत्तीकडे होता, उंदराकडे होता, आणि ज्याला खिसा नाही त्याने तो गळ्यात अडकवला होता.

या जंगलाला उन्हाळ्यात वणव्याची भीती असे. म्हणून मथुराताई साळिंदर यांनी ‘वणवाघंटा’ नावाचं अ‍ॅप लिहिलं. धूर दिसला की टेकडीवरचा पहारेकरी बटण दाबणार, सगळ्यांच्या मोबाइलवर घंटा वाजणार आणि नदीकडे जायची मोकळी वाट दिसणार. वाटा रोज बदलत. कुठे झाड पडे, कुठे काटे माजत. त्यामुळे रोज सकाळी नव्या वाटा घालून अ‍ॅप पुन्हा तयार करावं लागे.

आता अ‍ॅप लिहिणं वेगळं आणि तयार करणं वेगळं. थालीपीठ कसं करायचं ते कागदावर लिहिलं म्हणजे पोट भरत नाही. तवा लागतो, उलथनं लागतं. तशी अ‍ॅप तयार करायला एक अवजारपेटी लागते. ती संगणकात असते. पेटी बनवणारे दर वर्षी तिची नवी आवृत्ती काढतात आणि तिला पुढचा नंबर देतात.

जंगलात असे तीन संगणक होते. एक मथुराताईंच्या बिळात, एक उल्हास वानराच्या झाडावर आणि एक बापू खवले यांच्या ढोलीत. बापू म्हणजे खवले मांजर. रोज सकाळी तिघांपैकी जो संगणक मोकळा असेल तो काम उचले.

उल्हासला नव्याची भारी हौस. नवी पेटी आली की तो त्याच दिवशी बसवायचा. त्याच्याकडे बारा नंबरची होती. बापूंकडे सात नंबरची होती. कुणी “बदला आता” म्हटलं की ते अंगाचं वेटोळं करून आत तोंड घालत. वेटोळ्यातून आवाज येई, “चालतंय ना? मग?”

मथुराताईंकडे दहा नंबरची होती.

एका सोमवारी वणव्याची कवायत ठरली. पहारेकऱ्याने बटण दाबलं. अर्धं जंगल नदीकडे धावलं आणि अर्धं जंगल त्यांच्याकडे बघत उभं राहिलं.

भागाबाई कासवीण तर उभीसुद्धा राहिली नाही. ती बांबूच्या बनातल्या डबक्यात बसली होती. कवायत झाल्याचं तिला बुधवारी कळलं.

“मथुरा,” ती म्हणाली, “मला नदीवर पोचायला अर्धा दिवस लागतो गं. बाकीच्यांना घंटा उशिरा ऐकू आली तरी चालेल. मला नाही चालायचं.”

मथुराताईंना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

त्यांनी शोध घेतला. सोमवारचं अ‍ॅप उल्हासच्या संगणकावर तयार झालं होतं. बारा नंबरच्या पेटीने फार सभ्य अ‍ॅप बनवलं होतं. ते आधी विचारायचं, “आपली हरकत नसेल तर घंटा वाजवू का?” आणि उत्तराची वाट बघत बसायचं. ज्यांनी मोबाइल बघून ‘हो’ म्हटलं त्यांचाच वाजला. भागाबाईने मोबाइल पाहिलाच नव्हता. मग त्यांनी बापूंच्या संगणकावर तेच अ‍ॅप तयार करून पाहिलं. घंटा खणखणीत वाजली, पण फक्त जुन्या मोबाइलवर. नव्या मोबाइलनी ते आत घ्यायलाच नकार दिला. लिहिलेलं अक्षर न् अक्षर तेच. फरक फक्त पेट्यांचा!

मथुराताई जंगलाचे प्रमुख गवेसाहेब यांच्याकडे गेल्या. हे गवेसाहेब म्हणजे खरोखरचे गवे. शिंगं एवढी मोठी की दारातून डोकं वाकडं करून यावं लागे.

“साहेब, तिन्ही संगणकांवर एकच पेटी हवी. दहा नंबरची. ती जुन्या मोबाइलवरही चालते, नव्यावरही. मी तपासलंय.”

गवेसाहेबांनी उल्हासला आणि बापूंना बोलावलं.

“दहा?” उल्हास फांदीवरून ओरडला. “मी बारावरून दहावर येऊ? लोक काय म्हणतील!”

“दहा?” बापू म्हणाले. “एकदम तीन पायऱ्या? या वयात?” आणि त्यांनी वेटोळं केलं.

गवेसाहेब विचारात पडले. ते विचारात पडले की समिती नेमत. त्यांनी पेटी एकवाक्यता समिती नेमली. अध्यक्ष स्वतः, सदस्य उल्हास आणि बापू.

“आणि मी?” मथुराताईंनी विचारलं.

“तुम्ही कशा? तुम्हाला तर यातलं सगळं कळतं. तुम्ही निःपक्षपाती कशा राहणार?”

समितीची पहिली बैठक झाली. तीत समितीला चहा कुणी द्यायचा ते ठरलं. दुसऱ्या बैठकीत बापू वेटोळ्यातच होते, त्यामुळे ते हजर धरायचे की गैरहजर, यावर चर्चा झाली. इकडे बांबू वाळून पिवळा पडत चालला होता. चालताना पायाखाली पानं कुरकुर वाजत.

तिसऱ्या बैठकीचं बोलावणं निघालं, त्या सकाळी मथुराताई भागाबाईकडे गेल्या. डबक्यात पाणी घोट्याएवढं उरलं होतं.

“समितीचं काय झालं?” भागाबाईने विचारलं.

“बसलीय.”

“मीपण बसलेच आहे,” भागाबाई म्हणाली आणि हसली. मथुराताईंना मात्र हसू आलं नाही. त्या तडक घरी आल्या.

त्यांनी काय केलं सांगू? अ‍ॅपच्या शेजारी एक छोटीशी चिठ्ठी ठेवली. चिठ्ठीत एकच गोष्ट होती, पेटीचा नंबर. दहा. आणि तिन्ही संगणकांना शिकवलं, की वणवाघंटा तयार करण्याआधी ही चिठ्ठी वाचायची. ती पेटी तुमच्याकडे नसेल तर माझ्या कोठारातून आणायची. नाहीच मिळाली तर काम थांबवायचं, पण दुसरी पेटी वापरायची नाही.

उल्हासची बारा नंबरची पेटी त्याच्याकडेच राहिली. तो तिच्यावर खेळ बनवत बसे. बापूंची सात नंबरचीही जागेवर राहिली. कुणाचं काही गेलं नाही, म्हणून कुणाला काही कळलं नाही.

चार दिवसांनी, भर दुपारी, बांबूच्या बनामागून धूर वर आला.

त्या दिवशीचं अ‍ॅप कुठे तयार झालं होतं? उल्हासच्या झाडावर! पहारेकऱ्याने बटण दाबलं. आणि मुलांनो, सगळं जंगल एकदम वाजलं. हत्तीचा मोबाइल वाजला, उंदराचा वाजला. भागाबाईचा मोबाइल असा ठणाणा वाजला की डबक्यात बेडकांनी उड्या मारल्या.

भागाबाई चालू लागली. मागे धूर, पुढे मोकळी वाट. मथुराताई तिच्या सोबतीने एकेक पाऊल टाकत होत्या. “तू पुढे हो,” भागाबाई तीनदा म्हणाली. मथुराताई तीनदा नाही म्हणाल्या. शेवटी सोंड रिकामी असलेल्या एका हत्तीने दोघींना उचललं. काटे टोचले म्हणून तो जोरात ओरडला, पण सोडलं नाही त्याने.

नदीपलीकडे मोजणी झाली. एकही प्राणी कमी नव्हता.

“बघितलंत?” उल्हास छाती फुगवून म्हणाला. “माझ्या झाडावरचं अ‍ॅप! नवं ते नवंच.”

“पण घंटा जुन्या वळणाची होती,” बापू म्हणाले. आनंदाच्या भरात ते पूर्ण उलगडले होते. “न विचारता वाजली. आमच्या काळासारखी.”

गवेसाहेब खूश झाले. तिथेच, वाळूवर, त्यांनी समितीची तिसरी बैठक भरवली आणि निर्णय जाहीर केला.

“उल्हास म्हणतात बारा, बापू म्हणतात सात. कुणालाही दुखवायचं नाही, म्हणून समितीने दोन्हीच्या मधली संख्या काढली आहे. यापुढे जंगलात सगळीकडे साडेनऊ नंबरची पेटी वापरली जाईल.”

टाळ्या पडल्या. साडेनऊ नंबरची पेटी जगात कुणी बनवलेलीच नव्हती, पण त्याने टाळ्या अडत नाहीत.

“मथुराताई,” गवेसाहेब म्हणाले, “ही साडेनऊ बसवायला किती दिवस लागतील?”

मथुराताईंनी भागाबाईकडे पाहिलं. भागाबाई वाळूत ऊन खात डोळे मिटून पडली होती.

“बसवून झाली, साहेब.”

“इतक्यात?” गवेसाहेब थक्क झाले. “याला म्हणतात समितीचा वचक!”

तात्पर्य : मुलांनो, कुठलंही चांगलं काम मोठ्यांची परवानगी घेऊनच करावं. मात्र परवानगी येईपर्यंत ते करून झालेलं असावं.