मोरी क्रमांक सतरा : पूर्ण

साहेब, तुम्ही खोटं बोललात. हे असं थेट लिहितो, कारण तुमच्या पोर्टलवर थेट लिहायला जागाच नाही. तिथं माणसाला आधी यादीतून आपल्या त्रासाचा प्रकार निवडावा लागतो. तुमचं नावही लिहीत नाही. तुम्हाला नाव नाही, फक्त लॉगिन आहे.

सौंदडच्या अलीकडे नवा महामार्ग झाला. दीड पुरुष उंच मातीचा भराव, त्यावर गुळगुळीत रस्ता. भरावाच्या वरच्या अंगाला गावची बोडी, म्हणजे पाण्याचं तळं, आणि खालच्या अंगाला जागेश्वर आणि त्याची बायको शकुंतलाबाई यांची चार एकर धानाची शेती. आजोबांपासून बोडीचं पाणी आपसूक उतरायचं, धानाच्या एका बांधीतून, म्हणजे खाचरातून, दुसऱ्या बांधीत. ते तसंच उतरत राहावं म्हणून नकाशात रस्त्याखालून एक मोरी दाखवली होती, क्रमांक सतरा. रस्ता झाला. मोरी बांधायची राहून गेली. पण मागच्याच वर्षी महामार्गाचं सगळं व्यवस्थापन डिजिटल झालं होतं, आणि त्या झपाट्यात मोजपट्टी, नोंदवही आणि जागेवर जाऊन पाहणं या तीन मागास गोष्टी बंद पडल्या होत्या. पोर्टलवर मोरी क्रमांक सतरासमोर हिरवा गोल होता. पूर्ण.

जागेश्वर गोंदियाच्या कार्यालयात गेला तेव्हा त्याचे पऱ्हे बावीस दिवसांचे होते. धानाची ही कोवळी रोपं महिन्याच्या आत चिखलात रोवावी लागतात. महिना उलटला की बुडाशी कांडी धरते, मग रोवून दाणा नाही, नुसती तणसच हाती येते. एवढं त्यानं अभियंता इंद्रकुमार यांना समजावून सांगितलं. इंद्रकुमारांनी लॅपटॉप त्याच्याकडे वळवला.

"देखो काका, ग्रीन है. आणि हे पाहा, पाणीसुद्धा वाहतंय."

खरंच, पडद्यावर मोरीतून निळं पाणी वाहत होतं.

"साहेब, या डब्ब्यातल्या पान्यानं रोवनी करू का मी?"

"मोरीला पाचपैकी चार पूर्णांक आठ स्टार आहेत, काका. नऊ हजार लोकांनी दिलेत."

"कोनं देले? मोरी तं बेंडकानंबी पायली नाई."

"रस्त्यावरून जाणाऱ्यांना मेसेज जातो, प्रवास कसा झाला म्हणून. त्या टप्प्यातल्या सगळ्या कामांना ते स्टार लागू होतात. तुम्हाला अडचण असेल तर ॲपवर टाका. तोंडी तक्रार आता आम्हाला ऐकताच येत नाही."

तक्रार त्याची मुलगी डिंपल हिनं टाकली. ॲपमध्ये मोरीचे तीनच आजार होते : तुटली, तुंबली, अरुंद आहे. 'मोरीच नाही' हा पर्याय नव्हता, कारण नसलेल्या मोरीची तक्रार कुणी करील हे ॲप बनवणाऱ्यांच्या मनात आलं नाही, किंवा फार चांगलं मनात आलं.

"बाबा, तुंबली लिहतो. पानी येऊन नाई राहिलं, म्हणजे तुंबलीच ना?"

"लिव्ह."

चौथ्या दिवशी मोरी साफ झाली. पोर्टलवर फोटो आला, गाळ काढलेली, स्वच्छ सिमेंटची मोरी. तिच्या मागं गोंदियाजवळच्या कुडव्याची, म्हणजे भलत्याच गावची, पानटपरी दिसत होती. त्याच दुपारी पोर्टलच्या कॉल सेंटरमधून प्रेरणा नावाच्या मुलीचा गोड आवाजात फोन आला. जागेश्वर शेतावर होता, फोन शकुंतलाबाईंनी घेतला, आणि फोनवर आलेला चार आकडी नंबर सांगून टाकला. तक्रार बंद झाली. शेरा : तक्रारदार पूर्ण समाधानी.

जागेश्वर घरी येऊन कपाळावर हात मारून बसला.

"काऊन सांगतला नंबर?"

"मंग? सिलेंडरवाला नंबर घेतल्याबिगर सिलेंडर उतरवते का? मले वाटलं, नंबर देला का हे मोरी उतरवतीन."

पऱ्हे एकोणतीस दिवसांचे झाले. जागेश्वरनं मोटर लावून रस्त्यावरून पाइप टाकायची परवानगी मागितली. एका मिनिटात उत्तर आलं. डिजिटल कारभार वेगवान असतो हे मान्य करायला हवं. उत्तर असं : 'सदर ठिकाणी मोरी उपलब्ध असल्याने पाइपची आवश्यकता नाही.' त्यानं पुन्हा तुंबल्याची तक्रार केली. मोरी पुन्हा साफ झाली. तिसऱ्यांदा केली, तिसऱ्यांदा साफ झाली. मग तुमच्या यंत्रणेनं आपली बुद्धी चालवली. साफ केलेली मोरी दहा दिवसांत तीनदा तुंबते, म्हणजे कोणीतरी ती मुद्दाम तुंबवतो. ती तुंबल्याचं दर वेळी सगळ्यात आधी कोणाला कळतं? जागेश्वरला. त्याला नोटीस आली : 'आपण मोरी क्रमांक सतरामध्ये टाकत असलेला अडथळा सात दिवसांत दूर करावा, अन्यथा शासकीय मालमत्तेच्या हानीबाबत कारवाई होईल.'

नोटीस घेऊन तो परत कार्यालयात गेला.

"चाला साहेब. काढतो अडथडा. मोरी कोठी हाये, तेवढं दाखवा."

हे मात्र नियमात बसत होतं. अडथळा काढताना फोटो लागतो. इंद्रकुमार आले, सोबत सल्लागार कंपनीचा हिमांशू, टॅब्लेट घेऊन. पऱ्हे अडतीस दिवसांचे झाले होते आणि पिवळे पडत होते.

"काका, तुम्ही आत्ता मोरीच्या बरोबर वर उभे आहात," हिमांशू म्हणाला.

जागेश्वर भराव उतरून खाली गेला, लाथ मारली. "माती हाये."

"तीन मीटर इकडंतिकडं होतं."

तो तीन मीटर इकडं सरकला, तीन मीटर तिकडं. "एथीबी मातीच."

हिमांशूनं टॅब्लेट झटकला, आकाशाकडं धरला, शेवटी गंभीरपणे निदान केलं. "पोर्टल रोज अपडेट होतं, सर. इथली जमीन झालेली नाही."

"इंजिनेर साहेब," शकुंतलाबाई शेताच्या धुऱ्यावरूनच, बांधावरूनच ओरडल्या, "नागऱ्याच्या महादेवाची शपत घेऊन सांगा, तुमाले मोरी दिसून राहिली का?"

इंद्रकुमारांनी चष्मा पुसला. "मला काय दिसतं याची नोंद करायला लॉगिन नाही, बाई. आणि पूर्ण झालेलं अपूर्ण करता येत नाही. वो बटनही नहीं है."

पण काहीतरी दुरुस्त करणं भाग होतं. मोरी पूर्ण, तरी पाणी भरावाच्या वरच्या अंगाला उभं. पोर्टल आणि पाणी यांच्यात तफावत. पोर्टल चुकू शकत नाही, मग चुकलं कोण? सहाव्या दिवशी आदेश निघाला : 'महामार्गाच्या भरावालगत विनापरवाना साचलेले पाणी हटवावे.' सकाळी मशीन आलं आणि बोडीची पाळ फोडली. दोन तासांत आजोबांच्या काळापासूनचं पाणी भरावाच्या कडेकडेनं नाल्यात गेलं. दुपारी फोनवर संदेश आला : 'आपल्या तक्रारीचे मूळ कारण दूर करण्यात आले आहे. धन्यवाद.'

त्या संध्याकाळी जागेश्वरनं पऱ्ह्यात बैल सोडले. बैल आधी आत जाईनात. पऱ्ह्याजवळ गेलं की मार बसतो, एवढंच त्यांना ठाऊक. शकुंतलाबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, म्हणाल्या, "खा गा बापा. यंदा तुमचंच हाये."

आता तुम्ही, हे वाचणारे. त्या रस्त्यानं तुम्हीही गेलात. ऐंशीच्या वेगानं, काच वर करून. मोबाइल वाजला, 'प्रवास कसा झाला?' आणि तो चौकोन पडद्यावरून जावा म्हणून तुम्ही पाच तारे दाबून मोकळे झालात. त्या नऊ हजारांत तुम्ही कितवे, बघून ठेवा. तुमच्या तार्‍यांवर ती मोरी उभी आहे, दुसऱ्या कशावर नाही.

आणि साहेब, तुम्ही. मोरी क्रमांक सतरा कुठं आहे? फोटो नको, शेरा नको, हिरवा गोल नको. भरावाखाली उतरा, हात लावून दाखवा. जागेश्वर रोज सकाळी तिथं उभा असतो. उत्तर द्या. आणि फोन करून नंबर मागू नका. शकुंतलाबाई आता कुणालाच नंबर सांगत नाहीत.