तात्यारावांनी घेतलेली मुलाखत

करोल बागेतल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात ऊन थेट येत नसे. समोरच्या गच्चीवरच्या टाकीला टेकून, वाळत घातलेल्या चादरीतून झिरपून ते सावकाश जमिनीवर उतरे आणि तात्यारावांच्या खुर्चीपाशी, आत यावं की नाही अशा संकोचाने थबके. मानसला ते ऊन फार आपलं वाटलं.

तो स्पीच थेरपी शिकत होता. रुग्ण स्वतःहून बोलल्याचं रेकॉर्डिंग आज मिळालं नाही, तर त्याला प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येणार नव्हतं. तात्याराव केंद्र सरकारातले निवृत्त अधिकारी. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांचे शब्द अडत. अडले, की त्यांच्या पत्नी इंदुमतीकाकू ते पुरवत.

मानसने रेकॉर्डिंग सुरू करून फोन टेबलावर ठेवला. "काका, सकाळी काय खाल्लंत?"

"पो..."

"पोहे. आणि अर्धं केळं," काकू म्हणाल्या. "बिल्कुल गोड नव्हतं."

काकूंनी मध्ये बोलू नये, ही विनंती मानसने फरीदाबादहून येताना मेट्रोत घोकली होती. ती ओठांपर्यंत आलीच नाही. पुढच्या प्रश्नांची उत्तरंही काकूंनीच दिली, आणि जाता जाता तात्यारावांच्या गुडघ्यांची हकीकतही सांगितली. मग त्या चहा टाकायला आत गेल्या.

आता संधी होती. पण सगळे प्रश्न उडून गेले होते. रुग्णाला वेळ द्यावा, आपण शांत राहावं, असं पुस्तकात होतं. आपल्या गप्प बसण्याला मानसने मनोमन तेच नाव दिलं.

काकू चहा घेऊन आल्या आणि कुजबुजल्या, "अच्छा, म्हणजे ह्यालाही तोच त्रास आहे होय?"

तात्यारावांनी हात वर करून त्यांना थांबवलं. नोकरभरतीच्या मुलाखती घेण्यात त्यांची हयात गेली होती. घामेजलेला उमेदवार त्यांना लांबून ओळखू येई. ते सरसावून बसले.

"नाव... काय आपलं?"

"मानस."

"घाबरू... नका. ताठ बसा. हेच क्षेत्र... का निवडलंत?"

मानस एकेका शब्दात उत्तरं देत गेला. तात्याराव बोलत राहिले: अडखळत, पण पुरी वाक्यं. काकूंच्या हातातला चहा निवला, तरी त्यांनी एकही शब्द पुरवला नाही.

"या आता," अखेर तात्याराव म्हणाले. "निकाल... कळवू."

रेकॉर्डिंग ऐकून कॉलेजातल्या मॅडम थक्क झाल्या. रुग्णासाठी इतकं थांबणं अनुभवी माणसांनाही जमत नाही, असं त्यांनी भर वर्गात सांगितलं आणि मानसला आपली पद्धत समजावून द्यायला पुढे बोलावलं.

तो उभा राहिला. बराच वेळ गेला. तो पद्धतच करून दाखवतो आहे असं वाटून वर्ग आदराने ऐकत राहिला.

मानसला बोलायची भीती वाटत होती.